नाव नसलेला शत्रू : ‘क्यू प्लेन्स’ आणि १९३९ चा सोयीस्कर पडदा

धागा

१/
मार्च १९३९. ब्रिटनमधील चित्रपटगृहांत एक विमान-हेरकथा झळकली. नाव ‘क्यू प्लेन्स’. अमेरिकेत हाच चित्रपट ‘क्लाउड्स ओव्हर युरोप’ या नावाने गेला. त्याच महिन्याच्या १५ तारखेला जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या आणि सहा महिन्यांच्या आत महायुद्ध पेटले. या जुळणीवर चित्रपटरसिकांनी एक समज पोसला आहे : या चित्रपटाने युद्ध आधीच ओळखले होते आणि रडारही आधीच ओळखले होते. हा समज पुराव्यापुढे टिकत नाही. शिवाय ही चूक निरुपद्रवी नाही. १९३९ चे ब्रिटन स्वतःपासून जे लपवत होते, तेच या कौतुकाखाली आजही झाकले जाते.

२/
प्रथम कथा. नव्या गुप्त उपकरणांसह चाचणी-उड्डाणाला निघालेली ब्रिटिश विमाने समुद्रावर एकामागून एक नाहीशी होतात. अवशेष नाहीत, वैमानिक नाहीत. हवाई खाते म्हणते, अपघात. मेजर हॅमंड हा गुप्तहेर खात्याचा विक्षिप्त अधिकारी म्हणतो, घातपात. खरा प्रकार असा की, बुडालेल्या जहाजांचा माल काढणारे म्हणून वावरणारे एक जहाज समुद्रात उभे आहे. त्यावरून सुटणारा अदृश्य किरण विमानाचे इंजिन आणि बिनतारी यंत्र बंद पाडतो. विमान पाण्यावर उतरते, यारीने उचलले जाते आणि वैमानिक जहाजाच्या पोटात कैद होतात.

३/
हॅमंड झाला आहे राल्फ रिचर्डसन, चाचणी-वैमानिक मॅकव्हेन झाला आहे लॉरेन्स ऑलिव्हिए, आणि हॅमंडची वार्ताहर बहीण व्हॅलरी हॉब्सन. दिग्दर्शक अमेरिकन टिम व्हेलन. निर्मितीमागे डेनहॅम स्टुडिओचा सर्वेसर्वा अलेक्झांडर कोर्डा. चित्रपट चुरचुरीत आहे. रिचर्डसनची छत्री, हॅट, आणि भेटीला कधीच न पोहोचता प्रेयसीला केलेले दूरध्वनी आजही हसवतात. त्याच्या करमणूकमूल्याविषयी वाद नाही. वाद आहे तो त्याच्या गळ्यात घातलेल्या ‘द्रष्टेपणा’च्या हाराविषयी.

४/
पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे. तो तीन गोष्टी सांगतो. एक, चित्रपटाने येणाऱ्या युद्धाची चाहूल दिली. दोन, त्यातील किरण म्हणजे रडारची पूर्वकल्पना. तीन, बेसावध राष्ट्राला हेरांविषयी जागे करण्याचे काम त्याने केले. तिन्ही दावे ऐकायला गोड आहेत. एकेक करून तपासले की त्यांतील गोडवा उरतो, सत्य उरत नाही.

५/
पहिला दावा : युद्धाची चाहूल. बॉम्बफेकी विमाने काहीही केले तरी आत घुसणारच, असा इशारा स्टॅन्ली बाल्डविन यांनी ब्रिटिश संसदेत नोव्हेंबर १९३२ मध्ये दिला होता. मार्च १९३५ मध्ये जर्मनीने आपले हवाई दल उघडपणे जाहीर केले. २६ एप्रिल १९३७ रोजी गेर्निका बेचिराख झाले. सप्टेंबर १९३८ मध्ये म्युनिक प्रकरण पेटले, तेव्हा लंडनच्या उद्यानांत खंदक खणले गेले आणि देशभर सुमारे ३ कोटी ८० लाख वायुमुखवटे वाटले गेले. दारावरच्या खुंटीला मुखवटा टांगलेल्या माणसाला युद्धाची चाहूल चित्रपटाने द्यावी, हे म्हणणे हास्यास्पद आहे.

६/
दुसरा दावा अधिक रोचक आहे, कारण तो सत्याच्या अगदी शेजारून जातो आणि नेमका उलटा आहे. इंजिन बंद पाडणाऱ्या किरणाची कल्पना १९३९ मध्ये जुनी झाली होती. १९२४ मध्ये हॅरी ग्रिंडेल मॅथ्यूज या ब्रिटिश संशोधकाने आपल्याकडे असा ‘मृत्युकिरण’ असल्याचा गाजावाजा केला. वर्तमानपत्रे वेडावली. सरकारी अधिकाऱ्यांनी प्रात्यक्षिक पाहिले, पण त्यांचे समाधान झाले नाही. यंत्राची उकल त्याने कधीच होऊ दिली नाही. किरण मात्र लोकांच्या मनात घर करून राहिला.

७/
तिसऱ्या दशकातल्या अफवेत जर्मनीची भर पडली. जर्मनीतील डोंगरमाथ्यांवरील मनोऱ्यांच्या आसपास मोटारी आपोआप बंद पडतात आणि काही वेळाने चालू होतात, अशी कुजबूज प्रवासी करू लागले. पुढे ब्रिटिश हवाई गुप्तवार्तेचे वैज्ञानिक काम पाहणारे आर. व्ही. जोन्स यांनी आपल्या आठवणींत तिचा उलगडा दिला आहे. दूरचित्रवाणीसाठी जागा तपासताना अभियंत्यांना मोटारींच्या ठिणग्यांचा व्यत्यय नको होता. म्हणून पहारेकरी मोटारी थांबवून इंजिन बंद करायला सांगत. सांगोवांगी पहारेकरी गळाला आणि ‘किरण’ उरला. ‘क्यू प्लेन्स’चे शस्त्र ते हेच.

८/
आता खरा इतिहास. ब्रिटिश हवाई खातेही मृत्युकिरणाच्या मोहात होते. शंभर यार्डांवरून मेंढी मारून दाखवणाऱ्यास १,००० पौंड, असे बक्षीस खात्याने ठेवल्याचे सांगितले जाते. ते कुणालाही मिळाले नाही. १९३५ च्या आरंभी खात्याचे वैज्ञानिक संशोधन संचालक हॅरी विम्परिस यांनी स्लाव येथील रेडिओ संशोधन केंद्राचे प्रमुख रॉबर्ट वॉटसन-वॉट यांना विचारले : रेडिओलहरींनी शत्रूचे विमान वा वैमानिक निकामी करता येईल काय?

९/
वॉटसन-वॉट यांनी ते गणित सहकारी अर्नोल्ड विल्किन्स यांच्याकडे सोपवले, तेही वेष पालटून : अमुक अंतरावर, अमुक उंचीवर ठेवलेले थोडे पाणी काही अंशांनी तापवायला किती रेडिओशक्ती लागेल? पाणी म्हणजे वैमानिकाचे रक्त, हे विल्किन्सच्या लगेच ध्यानात आले. उत्तर निर्विवाद होते. इतकी शक्ती निर्माण करणे त्या काळात अशक्य. मग काय करता येईल, या पुढच्या प्रश्नावर विल्किन्सला एक किरकोळ वाटणारी नोंद आठवली : विमान जवळून गेले की टपाल खात्याच्या अभियंत्यांचे रेडिओसंकेत थरथरतात.

१०/
विमान पाडता येत नसेल, पण दिसू शकेल. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी डॅव्हेन्ट्रीजवळच्या एका शेतात, बीबीसीच्या लघुलहरी प्रक्षेपणाचा उपयोग करून ही कल्पना पारखली गेली. एक हेफर्ड बॉम्बफेकी विमान वरून ये-जा करत राहिले आणि सुमारे ८ मैलांपर्यंत त्याचा परावर्तित संकेत पडद्यावर दिसत राहिला. पुढे ज्याला जग रडार म्हणू लागले, त्याचा ब्रिटनमधील आरंभ हा.

११/
दोन घटनांचा क्रम पाहावा. रडार जन्मले ते मृत्युकिरणाला नकार दिल्यामुळे. शास्त्रज्ञांनी कागदावर आकडे मांडून त्या स्वप्नाला १९३५ मध्येच मूठमाती दिली. चार वर्षांनंतरही चित्रपट त्याच स्वप्नाला कवटाळून होता. ज्या भ्रमाचा त्याग केल्यामुळे रडार शक्य झाले, तोच भ्रम ‘क्यू प्लेन्स’ने रंगवला. त्यातील किरण आणि रडार यांचे साम्य रेडिओलहरींपुरतेच. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, तसा हा प्रकार. त्यावरून कावळ्याला भविष्यवेत्ता ठरवण्याचे कारण नाही.

१२/
खरे नाट्य चित्रपटाच्या बाहेर चालू होते. ७ एप्रिल १९३९, गुड फ्रायडे, या दिवसापासून किनाऱ्यावरील रडारकेंद्रांनी अहोरात्र पहारा सुरू केला. मे आणि ऑगस्ट महिन्यांत जर्मनीचे ‘ग्राफ झेपेलिन’ हे हवाईजहाज पोटात रेडिओतज्ज्ञ घेऊन ब्रिटिश किनाऱ्यालगत फिरून गेले. त्या उंच मनोऱ्यांचे रहस्य काय, हे त्यांना हवे होते. कानाला यंत्रे लावूनही ते त्यांना उलगडले नाही. रहस्यमय यान, अदृश्य लहरी, समुद्रावरची टेहळणी : चित्रपटातले सगळे साहित्य येथे होते, फक्त भूमिका पालटलेल्या होत्या. लहरी ब्रिटनच्या होत्या आणि यान शत्रूचे.

१३/
तिसरा दावा : हेरांविषयी जागृती. येथे शीर्षकच साक्षीला येते. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाने साध्या मालवाहू जहाजांत तोफा लपवल्या. निरुपद्रवी शिकार समजून जर्मन पाणबुडी पृष्ठभागावर आली की पडदे खाली पडत आणि तोफा बोलू लागत. या जहाजांना ‘क्यू शिप’ म्हणत. म्हणजे व्यापारी वेष घेतलेले लढाऊ जहाज ही मुळात ब्रिटनची युक्ती. चित्रपटाने ती अलगद शत्रूच्या पदरात टाकली आणि आपल्या माणसांना निष्पाप ठेवले. आपले कपट ते चातुर्य, दुसऱ्याचे चातुर्य ते कपट, हा हेरकथांचा सनातन न्याय येथे शीर्षकातच दिसतो.

१४/
मग खरे हेर कसे होते? १९३५ मध्ये हेर्मान ग्योर्त्स नावाचा जर्मन वकील केंटच्या किनाऱ्यावर ब्रॉडस्टेअर्स येथे बंगला भाड्याने घेऊन राहिला. जवळच मॅन्स्टनचा हवाई तळ. तो बाहेर गेला असता घरमालकिणीच्या तक्रारीवरून पोलीस आले आणि त्यांच्या हाती तळाचा नकाशा व कागदपत्रे लागली. १९३६ मध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. फेब्रुवारी १९३९ मध्ये, म्हणजे ‘क्यू प्लेन्स’ झळकण्याच्या सुमारास, सुटका करून त्याला मायदेशी धाडण्यात आले. ना किरण, ना जहाज. एक वही, एक बंगला आणि एक चौकस घरमालकीण.

१५/
याहून बोचरा प्रसंग ऑक्टोबर १९३७ चा. जर्मन हवाई दलाचे प्रमुख संघटक एर्हार्ट मिल्ख आणि त्यांच्यासोबत एर्न्स्ट उडेट हे ब्रिटनमध्ये पाहुणे म्हणून आले. चोरून नव्हे, रीतसर निमंत्रणावरून. त्यांना हवाई तळ दाखवले गेले. युद्धकाळासाठी उभारलेले राखीव विमान-कारखानेही दाखवले गेले. आपली तयारी पाहून शत्रू वचकेल, असा यजमानांचा हिशेब. चित्रपटातील खलनायकांना जे पाहण्यासाठी समुद्रात जहाज उभे करावे लागले, त्याकडे मिल्ख साहेबांना मोटारीतून नेण्यात आले.

१६/
आणि इंजिने? चित्रपटात ती चोरीला जातात. प्रत्यक्षात ब्रिटनने ती विकली. पुढे ब्रिटनच्याच आकाशात झुंजलेल्या मेसरश्मिट १०९ या लढाऊ विमानाचा पहिला नमुना १९३५ मध्ये उडाला, तो रोल्स-रॉइसच्या केस्ट्रल इंजिनावर. जर्मन इंजिन तोवर तयार नव्हते. श्टुका म्हणून कुप्रसिद्ध झालेल्या युंकर्स ८७ च्या पहिल्या नमुन्यातही केस्ट्रलच होते. हा व्यवहार कायदेशीर होता, पावतीसह होता. गुप्तहेर कथेला अशा पावत्या पेलत नाहीत.

१७/
म्हणून तिसऱ्या दाव्याचा निकाल असा : ‘क्यू प्लेन्स’ने राष्ट्राला जागे केले नाही, थोपटून निजवले. धोका कुठे आहे, तर कारखान्यातल्या एका घरभेद्यात आणि समुद्रातल्या एका जहाजात. दोघांना पकडले की संकट टळले. धोका धोरणात असू शकतो, व्यापारात असू शकतो, म्युनिकच्या करारावरील सहीत असू शकतो, ही शक्यता पडद्यावर उगवतच नाही. साप कुठे आहे हे ठाऊक असताना शेजारची भुई धोपटण्याचा हा उद्योग होता.

१८/
आता मुख्य मुद्दा. चित्रपटातील शत्रू कोण? त्याला देश नाही, ध्वज नाही, नेता नाही. आहे फक्त परकी उच्चार. हा योगायोग नव्हे. ब्रिटिश चित्रपट परिनिरीक्षण मंडळाचे अध्यक्ष त्या काळी लॉर्ड टिरेल होते, म्हणजे परराष्ट्र खात्याचे माजी कायम सचिव. परदेशी सरकारांना खटकेल असे काही पडद्यावर येऊ नये, हा मंडळाचा दंडक होता. काळाच्या ज्वलंत प्रश्नांना हात घालणारा एकही चित्रपट लंडनमध्ये चालू नाही, याचे टिरेल यांनी १९३७ मध्ये जाहीर समाधान मानले होते.

१९/
या दंडकाची छाया त्या काळातील सगळ्या हेरपटांवर आहे. हिचकॉकच्या १९३८ मधील ‘द लेडी व्हॅनिशेस’ने बॅन्ड्रिका नावाचा देश कल्पून सुटका करून घेतली. १९३९ मधील ‘द स्पाय इन ब्लॅक’ने जर्मनांना जर्मन म्हटले, पण कथा पहिल्या महायुद्धात नेऊन. नाझी राजवटीला विरोध करणाऱ्या एका धर्मोपदेशकावरील ‘पास्टर हॉल’ची संहिता मंडळाने युद्धापूर्वी अडवली, चित्रपट १९४० मध्येच पडद्यावर येऊ शकला. म्हणजे तीनच वाटा उरल्या होत्या : कल्पित देश, जुना काळ, किंवा मौन. ‘क्यू प्लेन्स’ने तिसरी धरली.

२०/
यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे. प्रेक्षक दूधखुळे नव्हते. लेकी बोले सुने लागे, हे त्यांना कळत होते. उच्चार ऐकताच ते मनात ‘जर्मनी’ म्हणत असणार. हे मान्य. पण नाव न घेण्याने केवळ नाव वगळले जात नाही, त्या नावाबरोबरचे प्रश्न वगळले जातात. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनास्थळे जळाली. छळछावण्या भरत होत्या. चेकोस्लोव्हाकियाचे लचके तोडले जात होते. बिननावाच्या शत्रूला यांपैकी कशाचाही जाब विचारता येत नाही. त्याचा एकच गुन्हा उरतो : त्याने ब्रिटिश इंजिने पळवली.

२१/
आणि हे मौन सर्वांसाठी सारखे होते काय? येथे मुंबईची साक्ष काढावी लागते. एकच वर्ष आधी, १९३८ मध्ये, याच कोर्डाने याच डेनहॅममधून ‘द ड्रम’ काढला. त्यातही व्हॅलरी हॉब्सन होती. सोबत म्हैसूरचा सबू. कथा वायव्य सरहद्द प्रांताची. येथील खलनायकाला नाव आहे, घूल खान. प्रांत खरा आहे, धर्म उघड आहे, ब्रिटिश सत्तेविरुद्धचा उठाव म्हणजे निव्वळ दगाबाजी हे गृहीत आहे. मुंबईत तो लागला तेव्हा सप्टेंबर १९३८ मध्ये त्याविरुद्ध तीव्र निदर्शने झाली आणि तो पडद्यावरून उतरवावा लागला. बाबुराव पटेलांचे ‘फिल्मइंडिया’ मासिक अशा चित्रपटांविरुद्ध सातत्याने तोफा डागत होते.

२२/
दोन चित्रपट शेजारी ठेवले की परिनिरीक्षणाचा तोल दिसतो. हिटलरचे सैन्य युरोप गिळत असताना त्याचे नाव घेणे अशिष्ट. स्वातंत्र्य मागणाऱ्या देशातील माणसे नावागावासह, धर्मासह खलनायक म्हणून रंगवणे मात्र करमणूक. एकाच निर्मात्याची, एकाच स्टुडिओची, जवळजवळ एकाच वर्षातली ही कृत्ये आहेत. नाव कुणाचे घ्यायचे आणि कुणाचे झाकायचे, हे बळ पाहून ठरत होते. मुंबईच्या प्रेक्षकांनी ही गोष्ट ‘क्यू प्लेन्स’ येण्यापूर्वीच ओळखली होती. द्रष्टेपणाचा हार कुणाच्या गळ्यात घालायचाच असेल, तर तो त्यांच्या गळ्यात शोभेल.

२३/
कोर्डाला एकट्यालाच दोषी धरणे मात्र अन्यायाचे होईल. तो हंगेरीत जन्मलेला ज्यू होता. नाझींविषयी त्याच्या मनात कसलाही संभ्रम नव्हता. चर्चिल सत्तेबाहेर असताना त्याने त्यांना पटकथालेखनाचे काम दिले होते. ब्रिटिश गुप्तहेर यंत्रणेतील क्लॉड डॅन्सी यांच्या गुप्त जाळ्याला त्याच्या चित्रसंस्थेने आडोसा दिला, असे इतिहासकार नोंदवतात. म्हणजे हेरकथा काढणारा निर्माता स्वतः हेरांना आसरा देत होता. असा माणूसही पडद्यावर शत्रूचे नाव घेऊ शकला नाही, यावरून त्या दंडकाची पकड किती घट्ट होती ते समजते.

२४/
पकड सैल कधी झाली? ३ सप्टेंबर १९३९ रोजी युद्ध जाहीर झाले. काही आठवड्यांत कोर्डाने ‘द लायन हॅज विंग्ज’ हा प्रचारपट उभा केला. पुन्हा विमाने, पुन्हा राल्फ रिचर्डसन. आता शत्रूला नाव होते, चेहरा होता. नायिका मर्ल ओबेरॉन, कोर्डाची नवपरिणीत पत्नी. तिचा जन्म मुंबईचा. तिचे कुळ अँग्लो-इंडियन. जगाला मात्र टास्मानिया सांगितले जात होते. शत्रूचे नाव सांगण्याची मुभा मिळाली, पण नायिकेचे गाव सांगण्याची मिळाली नाही. उन्हाळ्यापर्यंत जे ‘अशक्य’ होते ते शरद ऋतूत कर्तव्य ठरले. म्हणजे ते मौन अज्ञानातून आले नव्हते, धोरणातून आले होते.

२५/
राहिला नायक. हॅमंडवर कुणी विश्वास ठेवत नाही. खाते मंद, वरिष्ठ आंधळे. एक छत्रीवाला गृहस्थ आणि एक तडफदार वैमानिक मिळून देश वाचवतात. एकांड्या शिलेदाराची ही गोष्ट कोणत्याही भाषेत खपते. १९४० च्या उन्हाळ्यात ब्रिटनला वाचवले ते मात्र नेमक्या उलट गोष्टीने : एका व्यवस्थेने. ह्यू डाउडिंग १९३६ मध्ये लढाऊ विमानदलाचे प्रमुख झाले आणि रडारकेंद्रे, आकाशाकडे डोळे लावून बसलेले निरीक्षक, दूरध्वनीच्या तारा, माहिती गाळणाऱ्या खोल्या आणि नकाशांची मेजे यांची साखळी उभी राहिली.

२६/
त्या मेजांवर खुणा सरकवणाऱ्यांत असंख्य तरुणी होत्या. त्यांचे महिला साहाय्यक हवाई दल स्थापन झाले जून १९३९ मध्ये, चित्रपटानंतर अवघ्या तीन महिन्यांनी. रात्रपाळी, कानाला यंत्र, समोर थरथरणारी हिरवी रेघ आणि चुकलेल्या एका आकड्याची किंमत एखाद्या वैमानिकाचे प्राण. या कामात संवादफेक नाही, पाठलाग नाही. म्हणून त्यावर हेरपट निघत नाहीत, आणि हेरपटांवर वाढलेला इतिहासप्रेमी त्यांना ओळखतही नाही. एका विक्षिप्त मेजरच्या मोबदल्यात हजारो माणसांचे कष्ट विसरणे, हा या लोकप्रिय समजाचा सर्वांत मोठा तोटा.

२७/
अभिनेत्यांचीच पुढची कहाणी बोलकी आहे. युद्ध सुरू होताच रिचर्डसन आणि पुढे १९४१ मध्ये ऑलिव्हिए नौदलाच्या हवाई शाखेत दाखल झाले. दोघेही देशप्रेमाने गेले, आणि दोघांचीही ख्याती विमाने आपटणारे वैमानिक म्हणूनच झाली. पडद्यावर एका दमात जहाज काबीज करणारा मॅकव्हेन प्रत्यक्षात धावपट्टीवर धडपडला. यात त्यांची टवाळी नाही. युद्ध ही शिकण्याची, सरावाची आणि चुकांची गोष्ट असते. पडदा तिला उपजत तडफेची गोष्ट करतो, इतकेच.

२८/
तरीही या चित्रपटाचा वंश मोठा आहे. ‘द अ‍ॅव्हेंजर्स’ या ब्रिटिश मालिकेतील छत्रीधारी जॉन स्टीडमागे रिचर्डसनचा हॅमंड उभा होता, हे स्टीड साकारणाऱ्या पॅट्रिक मॅकनी यांनी सांगितले आहे. ‘क्यू प्लेन्स’च्या कथालेखकांपैकी जॅक व्हिटिंगहॅम पुढे ‘थंडरबॉल’च्या पटकथेवर होते; तेथेही एक विमान समुद्रात गडप होते. अर्थात या चित्रपटाने भविष्य घडवले ते हेरकथांचे. इतिहासाचे भविष्य त्याने सांगितले नाही, आणि या दोहोंची गल्लत करण्याचे कारण नाही.

२९/
जुना चित्रपट पुरावा ठरतो, पण कशाचा? काय घडणार होते याचा नव्हे. कोणत्या गोष्टी बोलता येत होत्या आणि कोणत्या गिळाव्या लागत होत्या, याचा. म्हणून ‘क्यू प्लेन्स’ जरूर पाहावा, हसत पाहावा. फक्त पाहताना तीन गोष्टी विचाराव्यात : शत्रूला नाव का नाही? संकटाचे मूळ एका घरभेद्यात का शोधले आहे? आणि जे काम हजारोंनी केले ते एकाच्या नावावर का टाकले आहे?

३०/
हे तीन प्रश्न १९३९ पुरते नाहीत. कोणत्याही काळातील, कोणत्याही देशातील देशभक्तिपर हेरकथेला ते लावून पाहता येतात. जिथे बलाढ्याचे नाव घेताना जीभ अडखळते आणि दुर्बळाचे नाव मोठ्या आवाजात उच्चारले जाते, तिथे करमणुकीच्या आड काहीतरी लपवले जात आहे, असे खुशाल समजावे. १९३८ च्या मुंबईतील प्रेक्षकांना हे कळले होते. त्यांच्यापाशी ना रडार होते, ना किरण. त्यांनी फक्त पडद्याकडे नीट पाहिले होते.

(समाप्त)

#इतिहास #सिनेमा #दुसरे_महायुद्ध #मराठी_धागा